नॉर्मल म्हटलेला कागद आणि हृदयातला पांदण रस्ता

पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न हमखास येतो: "सर, विषयाचा इतिहास कशाला वाचायचा? गेल्या पाच वर्षांतले पेपर वाचले की झालं ना?" एम.एस्सी. करत होतो तेव्हा मीही हेच म्हणायचो. आज त्याचं उत्तर द्यायचं आहे. पण त्याआधी एक कबुली देतो, कारण ती दिल्याशिवाय उत्तराला वजन येणार नाही.

माझं पीएच.डी.चं काम लहान मुलांच्या ईसीजीवर आहे. मी डॉक्टर नाही. एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सची, त्यामुळे माझ्यासाठी ईसीजी म्हणजे एक सिग्नल. दोन वर्षांपूर्वी मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावाहून चुलतभावाचा फोन आला. त्याचा मुलगा तेव्हा 10 वर्षांचा. कबड्डी खेळता खेळता मधेच खाली बसायचा, छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "आतमध्ये इंजिन सुरू झालं." दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन आपोआप बंद. काकूचं मत ठरलेलं: "पोरगं भेते, दुसरं काही नाही." शाळेत म्हणाले, परीक्षेचं टेन्शन. शेवटी दादाने एका ठिकाणी ईसीजी काढून घेतला. तोपर्यंत धडधड थांबलेली होती. कागद नॉर्मल आहे असं सांगितलं गेलं. दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला आणि म्हणाला, "तू हेच शिकतो ना? पाहून सांग."

मी पाहिलं. मशीनने वर आकडे छापले होते: पीआर 88 मिलिसेकंद, क्यूआरएस 108 मिलिसेकंद. पीआर कमी वाटला, पण लहान मुलांचा पीआर मोठ्यांपेक्षा कमीच असतो, हे मला पाठ होतं. क्यूआरएस 120 च्या आत, म्हणजे ठीक. मी लिहिलं, "काही नाही दादा, नॉर्मल आहे."

महिनाभराने सहज तो फोटो माझ्या गाइड मॅडमना दाखवला. त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यांनी क्यूआरएसच्या सुरुवातीला बोट ठेवलं आणि विचारलं, "हा चढ एवढा तिरका का आहे?"

त्या तिरक्या चढाला डेल्टा तरंग म्हणतात. माझ्या पुतण्याच्या हृदयात विजेला जायला एक जास्तीचा रस्ता होता. या चढाचा इतिहास मी आधी नीट वाचला असता, तर महिना वाया गेला नसता. आता तोच इतिहास सांगतो.

आधी रस्ते समजून घेऊ

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका, खालचे दोन म्हणजे जवनिका. ठोक्याची वीज वरच्या उजव्या कप्प्यातल्या एका गाठीत तयार होते आणि वरच्या कप्प्यांत पसरते. वरचे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये तंतुमय ऊतींची कडी असते आणि तिच्यातून वीज जात नाही. खाली उतरायला नियमाने एकच जागा असते, ती म्हणजे एव्ही नोड. ही जागा नाक्यासारखी वागते. वीज इथे साधारण एक दशांश सेकंद थांबते, तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली देतात. नाक्यापलीकडे हिसची जुडी आणि तिच्या फांद्या आहेत. तो झाला पक्का हायवे. त्यावरून वीज झपाट्याने पसरते आणि खालचे कप्पे जवळजवळ एकदम आकुंचन पावतात. कागदावर वरच्या कप्प्यांचा तरंग पी, खालच्यांचा क्यूआरएस आणि पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंतचा वेळ म्हणजे पीआर.

आता आपल्याकडचा पांदण रस्ता आठवा. शेताशेतातून जाणारी मातीची वाट, जिच्यावर नाका नाही. काही मुलांच्या हृदयात जन्मापासूनच अशी वाट असते. गर्भात हृदय घडताना त्या तंतुमय कडीत स्नायूचा एखादा बारीक धागा शिल्लक राहतो. वीज हायवेने नाक्यावर थांबते, पण पांदणीने सरळ खाली पोहोचते. त्यामुळे पीआर आखूड होतो. पण पांदणीच्या टोकाला हायवे नाही. तिथून पुढे वीज साध्या स्नायूतून हळूहळू सरकते आणि क्यूआरएसची सुरुवात तिरकी दिसते. तेवढ्यात नाक्यावरची वीज सुटते, हायवेने येते आणि उरलेलं काम उरकते. म्हणून क्यूआरएस रुंद होतो. आखूड पीआर, तिरकी सुरुवात आणि रुंद क्यूआरएस या तीन खुणा एकत्र येतात.

आणि धडधड? कधी कधी वीज नाक्याने खाली येते, पांदणीने परत वर चढते, पुन्हा नाक्याने खाली. असा फेरा सुरू झाला की तेच पुतण्याचं इंजिन. यातली गंमत लक्षात घ्या. अशा झटक्यात वीज खाली उतरते ती हायवेनेच, त्यामुळे डेल्टा तरंग तेव्हा बहुधा गायब असतो. खूण दिसते ती मूल शांत असताना. म्हणजे "धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी काय कामाचा" हे म्हणणं इथे चुकीचं ठरतं. तोच कागद कामाचा होता. आम्हाला वाचता आला नाही.

1893: दोन पेपर, एक बरोबर आणि एक अर्धा बरोबर

1893 साली विल्हेल्म हिस यांनी वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी जुडी दाखवली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टॅन्ली केंट यांनीही वर-खाली जोडणारे स्नायूंचे पूल असल्याचं मांडलं. केंट यांचं म्हणणं होतं की असे पूल एकाहून जास्त असतात आणि निरोगी हृदयातही असतात. पुढे 1906 मध्ये जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने एव्ही नोडपासून शेवटच्या फांद्यांपर्यंतचा सगळा मार्ग उलगडला. 1907 मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी ठोका सुरू करणारी गाठ दाखवली. फ्लॅक तेव्हा वैद्यकीचे विद्यार्थी होते, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो.

तवारांच्या नकाशात वर-खाली जोडणारा रस्ता एकच होता आणि निरोगी हृदयासाठी तो नकाशा बरोबर होता. केंट मागे पडले. त्यांचं "प्रत्येक हृदयात असतं" हे चूक होतं. पण "असू शकतं" एवढं बरोबर होतं, आणि त्यासाठी आणखी चाळीस वर्षं लागली.

दरम्यान नेदरलंड्समध्ये विलेम आइंटहोव्हेन यांचा स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर आला. माणसाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून हृदयाची वीज कागदावर उतरवता येऊ लागली. 1924 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता खूण दिसू शकत होती. पण दिसणं आणि ओळखणं यात किती अंतर असतं, ते पुढे बघा.

1930: बरोबर पाहिलं, चुकीचं नाव ठेवलं

1915 मध्ये अमेरिकेत फ्रँक विल्सन यांनी अशा एका रुग्णाचा ईसीजी छापला. 1921 मध्ये आणखी एकाने छापला. दोन्ही सुटी प्रकरणं म्हणून राहिली. 1928 मध्ये बॉस्टनला पॉल डडली व्हाइट यांच्याकडे धडधडीची तक्रार घेऊन एक 35 वर्षांचे शिक्षक आले. त्यांचा ईसीजी विचित्र होता, पण व्यायाम करवला की तो नेहमीसारखा व्हायचा. व्हाइट आणि त्यांचे सहकारी लुईस वुल्फ यांना हे खटकलं. व्हाइट ते कागद घेऊन युरोपात गेले, तेव्हा लंडनमध्ये जॉन पार्किन्सन यांच्याकडेही तशाच नोंदी निघाल्या. तिघांनी मिळून 1930 मध्ये 11 रुग्णांचा पेपर छापला. वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट, म्हणजे आजचं डब्ल्यूपीडब्ल्यू, हे नाव तिथून आलं.

पण त्या पेपरचं शीर्षक बघा. त्यात होतं बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे जुडीच्या एका फांदीत अडथळा. का? कारण त्या काळी रुंद क्यूआरएस दिसला की एकच स्पष्टीकरण माहीत होतं: हायवेची एक फांदी बंद आहे. इथे तर काहीच बंद नव्हतं. उलट एक रस्ता जास्तीचा उघडा होता. अगदी उलटी गोष्ट.

मी यावर हसणार नाही. त्यांनी निरीक्षणं इतकी स्वच्छ नोंदवली की स्पष्टीकरण चुकूनही पेपर टिकला. पीआर आखूड, माणूस तरुण आणि एरवी निरोगी, व्यायामाने कागद सुधारतो: एकही निरीक्षण मागे घ्यावं लागलं नाही. बदललं ते फक्त "म्हणजे काय" याचं उत्तर.

थोडं लोणारला जाऊन येऊ

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणालाही ही गोष्ट नवी वाटायला नको. लोणारचं विवर आपल्या अंगणातलं. त्याची शास्त्रीय दखल 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने घेतली. जवळजवळ 1.8 किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, आजूबाजूला सगळा काळा बेसाल्ट. बेसाल्ट म्हणजे लाव्हा, मग त्यातला खड्डा ज्वालामुखीचाच असणार! 1896 मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या विवराशी त्याचं साम्य दाखवलं, तरी अनेक वर्षं ज्वालामुखीचं स्पष्टीकरण चालूच राहिलं. 1973 मध्ये कर्ट फ्रेड्रिकसन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दगडात प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काच आणि इतर पुरावे दाखवले, तेव्हा उल्कापाताची गोष्ट पक्की झाली.

दीडशे वर्षं खड्डा तोच होता. मोजमापंही चुकीची नव्हती. जवळच हाताशी असलेलं स्पष्टीकरण मात्र इतकं सोयीचं होतं की दुसरं शोधायची गरज वाटली नाही. बेसाल्टमधला खड्डा म्हणजे ज्वालामुखी. रुंद क्यूआरएस म्हणजे ब्लॉक. मुलाचा आखूड पीआर म्हणजे वय. या यादीतलं तिसरं वाक्य माझं आहे.

16 वर्षांचा मुलगा

1932 मध्ये युरोपात होल्झमान आणि शेर्फ यांनी, आणि 1933 मध्ये अमेरिकेत वोल्फर्थ आणि वुड यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की हा अडथळा नसून जास्तीचा रस्ता असावा. वोल्फर्थ आणि वुड यांनी केंट यांचं जुनं काम बाहेर काढलं. तर्क उत्तम होता, पण रस्ता कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

तो पाहायला मिळाला 1943 मध्ये. एक 16 वर्षांचा मुलगा, ईसीजीत हीच खूण असलेला, मरण पावला. वुड, वोल्फर्थ आणि गेकलर यांनी त्याच्या हृदयाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. उजव्या बाजूला वरच्या कप्प्याला खालच्याशी जोडणारे स्नायूचे धागे मिळाले. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या ओनेल यांनी या प्रकाराला नाव दिलं प्री-एक्सायटेशन, म्हणजे वेळेआधी चेतणं. आता नावातून "अडथळा" गेला आणि "आधी" आलं.

पुरावा वाचताना मला दर वेळी थांबायला होतं. आपल्या पेपरात "केस" असा शब्द असतो. ती केस दहावी-अकरावीच्या वयाचा एक मुलगा होता.

नाव बदलल्याने काय फरक पडतो, असं वाटत असेल तर हे बघा. वेरापामिलसारखी औषधं नाक्यावरची गती कमी करतात. पण वरच्या कप्प्यांत वीज सैरभैर झाली, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन झालं, आणि पांदण खुली असेल, तर सगळा लोंढा पांदणीने खाली जाऊ शकतो. तेव्हा तेच औषध जिवावर बेतू शकतं. म्हणून त्या माणसाच्या कागदावर योग्य नाव असणं गरजेचं असतं.

अंदाजावरून मोजमापाकडे

पुढची पंचवीस वर्षं लवकर ओलांडू. 1945 मध्ये रोझेनबाउम आणि सहकाऱ्यांनी छातीवरच्या तरंगांवरून दोन प्रकार पाडले, म्हणजे रस्ता साधारण कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज बांधता येऊ लागला. 1967 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला डर्क डरर यांचा गट आणि पॅरिसला फिलिप कूमेल यांनी हृदयात तार सरकवून, नेमक्या वेळी एक जास्तीचा ठोका देऊन धडधड सुरू करून दाखवली आणि तशीच बंदही करून दाखवली. फेऱ्याचं गणित खरं ठरलं. 1968 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका तरुण मच्छीमाराच्या हृदयावर शस्त्रक्रिया करून तो रस्ता कापला. 1969 मध्ये शेरलाग यांनी हिसच्या जुडीचा सिग्नल तारेने नोंदवायची सोपी पद्धत दिली. 1991 मध्ये जॅकमन आणि सहकाऱ्यांनी 166 रुग्णांमध्ये, छाती न उघडता, रेडिओ लहरींच्या उष्णतेने रस्ता जाळण्याचे निकाल छापले. त्यातल्या 164 जणांत यश आलं. 1994 पर्यंत मुलांमधल्या अशा उपचारांच्या, अनेक केंद्रांतून जमवलेल्या नोंदीही प्रसिद्ध झाल्या.

कूमेल यांनी 1967 मध्ये आणखी एक प्रकार वर्णन केला, आणि तो मुख्यतः मुलांचा आहे. यात पांदण फक्त खालून वर जाणारी आणि संथ असते. शांत ईसीजीत डेल्टा तरंग नाही. धडधड तासन्‌तास, दिवसेन्‌दिवस चालू राहते, पण फार वेगाने नाही, म्हणून ती तापाची किंवा रडण्याची वाटते. अशाने हृदय थकून मोठं होतं. मग निदान होतं "हृदयाचा स्नायू कमजोर". खरं तर स्नायू आधी चांगला असतो आणि धडधड थांबली की बहुधा सावरतोही. खूण एकच: पी तरंग खालच्या लीड्समध्ये उलटे. पुन्हा तेच, परिणामालाच कारण समजण्याची चूक.

मुलांचा कागद वेगळा का

आता माझ्या चुकीकडे परत येऊ. मुलांमध्ये पीआरची आणि क्यूआरएसची नॉर्मल मर्यादा वयानुसार बदलते. दोन्ही मोठ्यांपेक्षा कमी असतात. मी काय केलं? पीआर मोजताना मुलाची सवलत दिली, "लहान आहे, चालतं". क्यूआरएस मोजताना मोठ्यांची 120 ची रेघ लावली. एकाच कागदाला दोन मापं! 10 वर्षांच्या मुलासाठी 108 हा क्यूआरएस रुंद आहे. दोन्हीकडे मुलाचंच माप लावलं असतं तर प्रश्न तिथेच उभा राहिला असता. आणि आकड्यांच्या पलीकडे, तरंगाच्या आकाराकडे मी नीट पाहिलंच नव्हतं.

मुलांची मापं येतात कुठून? डेव्हिग्नॉन आणि सहकाऱ्यांचा प्रसिद्ध तक्ता 1980 च्या सुमाराचा. तो कॅनडातल्या क्वेबेकच्या 2,141 मुलांवरून बनला. 2001 मध्ये राइनबीक आणि सहकाऱ्यांनी 1,912 डच मुलांवरून नवा तक्ता दिला. कोणताही तक्ता वापरताना आधी विचारा: यात कोणती मुलं होती, कोणत्या मशीनवर मोजली? सिनॉप्सिस लिहिताना हा प्रश्न तुम्हाला पुष्कळ पुढे नेईल.

आणखी एक हिशोब. निरनिराळ्या अभ्यासांत ही खूण हजारात साधारण 1 ते 3 जणांत आढळते. 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या 25,86,258. गुणाकार केला तर सुमारे 2,600 ते 7,800 माणसं. हा नुसता गुणाकार आहे, सर्वेक्षण नाही, आणि यातला फरक तुमच्या प्रबंधात स्पष्ट लिहायचा असतो. पण एवढ्यावरूनही कळतं की ही दूरच्या पुस्तकातली गोष्ट नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत मुलं तपासतात. त्यांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे, संधिवाताचा हृदयविकार आहे. ठोक्याच्या बिघाडाचा स्वतंत्र रकाना नाही. स्टेथोस्कोपला शांत मुलात पांदण ऐकूही येत नाही. 2024 पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तुमच्यापैकी कोणी तिथे पोहोचलात तर हा प्रश्न बरोबर घेऊन जा.

मग इतिहास कशाला वाचायचा?

चुकांवर हसण्यासाठी नाही. हुशार, प्रामाणिक माणसं नेमकी कुठे चुकली ते कळावं म्हणून. ती बहुतेक वेळा पाहण्यात चुकली नाहीत. पाहिलेल्याला घाईने ओळखीचं नाव देण्यात चुकली. ताजे पेपर आज मान्य असलेलं नाव सांगतात. त्या नावाआधी कोणतं नाव होतं आणि ते का पडलं, हे इतिहास सांगतो.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला दोन रकाने आहेत. डावीकडे "काय दिसलं", उजवीकडे "म्हणजे काय असावं". उजवीकडचं पेन्सिलने लिहितो. तुम्हीही उद्यापासून करून बघा. रीडिंग घेताना, मुलाखत घेताना, जुना दस्तऐवज वाचताना, कुठल्याही विषयात चालतं.

पुतण्याचं विचाराल तर मोठ्या शहरात त्याची तपासणी झाली, रस्ता सापडला, जाळला. दुसऱ्या दिवशी घरी. काकू अजून म्हणते, "पोरगं भेत होतं, आता मोठं झालं." मी वाद घालत नाही. मात्र दादाला मी स्वतः फोन करून सांगितलं की पहिला कागद मी चुकीचा वाचला होता. तो म्हणाला, "आता बरोबर वाचतो ना? मग झालं."

शेवटचं आणि महत्त्वाचं: हा लेख वाचून घरच्या कोणाचा ईसीजी स्वतः वाचू नका, मी तेच करून फसलो होतो. मूल अशी धडधड सांगत असेल, खेळताना चक्कर येऊन पडलं असेल, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा आणि "आम्हाला मुलांच्या हृदयतज्ज्ञांचं मत हवं" असं स्पष्ट सांगा. धडधड चालू असतानाच कागद काढता आला तर फारच उत्तम. थांबल्यावरचा कागदही जपून ठेवा.

पुढच्या लेखात दोन रकान्यांची वही प्रत्यक्षात कशी ठेवायची ते माझ्याच पानांवरून दाखवतो. तोवर तयारी चालू ठेवा.